विमानाच्या दगडापुढचं आठवं पान

अण्णा, तुम्ही मला फसवलंत.

तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले. पहिले चार दिवस मी रडलो. पाचव्या दिवशी मला कळलं की तुम्ही मला फसवलंय, आणि तेव्हापासून डोळ्यांत पाणी नाही. भंगाराच्या हातगाडीपासून फौंड्रीपर्यंत आलो. त्या वाटेवर मला फसवायला टपलेली माणसं थोडी नव्हती. वजनकाट्याला चुंबक लावणारे भेटले, लोखंडावर पितळेचा मुलामा चढवून आणणारे भेटले. एकालाही जमलं नाही. जमलं ते तुम्हाला. आयुष्यभर खडू धरलेल्या, बाजारात कोथिंबिरीची पेंडीसुद्धा सांगेल त्या दराला घेणाऱ्या माणसाला.

तुमचे जुने विद्यार्थी एक पुस्तिका काढताहेत. मला म्हणाले, दत्ताशेठ, दोन पानं तुम्ही लिहा. तुमचा जन्म, नोकरी, बदल्या, पुरस्कार हे सगळं दुसरे लिहितील. मी आपल्या दोघांचं तेवढं लिहितो. ज्यांना ठाऊक नाही त्यांना आधी थोडं सांगावं लागेल. तेवढं थांबा. तुम्हाला थांबायची सवय होती, मला नव्हती.

गारगोटीच्या वर डोंगरात आमची पंचवीस-तीस उंबऱ्यांची वाडी. महायुद्धाच्या काळात, पौषातल्या एका सकाळी, दाट धुक्यात इंग्रजांचं एक बॉम्बफेकी विमान वाडीवरच्या कड्याला धडकलं. आतलं कुणी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी धुकं हटल्यावर वाडीनं त्यांना पठारावरच पुरलं आणि वर एक उभा दगड रोवला. पुढं सरकारची माणसं येऊन जे काही उरलं होतं ते उकरून घेऊन गेली. दगड राहिला. त्याला वाडी विमानाचा दगड म्हणते आणि दर पौष अमावास्येला त्याच्यापुढं पानं मांडते. परमुलखात, अवेळी मेलेली माणसं. त्यांना विचारणारं इथं कुणी नाही, तर आपण विचारावं, एवढंच त्यात होतं. साहेब लोक भाकरी खात नसतील म्हणून पाव, उकडलेली अंडी आणि प्रत्येक पानाजवळ कपभर चहा. आमच्या लहानपणी वाडीत वर्षातून एकदा पाव यायचा, तो या साहेबांसाठी.

पानं आठ असायची. हे लक्षात ठेवा म्हणून वाचणाऱ्याला सांगतो. तुम्हाला सांगायची गरज नाही.

तुम्ही आमच्या एकशिक्षकी शाळेवर आलात तेव्हा मी दुसरीत होतो. पहिल्याच अमावास्येला तुम्ही पठारावर आलात, पानांवरची अंडी बघितलीत आणि तुमचा चेहरा उतरला. तुम्ही जैन, कांदासुद्धा न खाणारे. पारूआक्काला म्हणालात, "अंड्याऐवजी केळी ठेवली तर चालणार नाही का?" पारूआक्का म्हणजे पानं मांडणारी बाई. तेव्हाही तीच मांडायची आणि आज नव्वदी उलटून गेली तरी तीच मांडते. ती म्हणाली, "मास्तर, ते साहेब हायती, तुमच्यावाणी जैन न्हाईत. उपाशी ऱ्हायले तर तुमच्या शाळंत येऊन बसतील." सगळं पठार हसलं. तुम्हीही हसलात. पुढच्या वर्षी तुम्ही गारगोटीहून स्वतः पाव घेऊन आलात, आणि अंड्यांकडं पाठ करून उभे राहिलात.

तुमच्यात मेलेल्याला पान मांडत नाहीत. आत्मा थांबत नाही, लगेच पुढच्या देहात जातो, असं तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं. मग तुम्ही दरवर्षी तिथं का उभे राहत होता, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं राहिलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे, आणि पुढच्या जन्माला गेलेल्या माणसाकडून उत्तर कसं घ्यायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

माझा आजा ज्ञानू त्या विमानापायी मेला. वाडीत सांगायचे ते असं: विमान पेटलं, आतून कण्हल्याचा आवाज आला, सगळे मागं सरले आणि ज्ञानू पुढं धावला. साहेबाला आगीतून ओढताना भाजला आणि गेला. आमच्या आजीनं मात्र ही गोष्ट कधी सांगितली नाही. विमानाचा विषय निघाला की ती उठून चुलीकडं जायची. वाडीत घरोघरी विमानाचा पत्रा होता. कुणाच्या खुराड्यावर, कुणाच्या न्हाणीच्या आडोशाला. शाळेची घंटासुद्धा त्याच विमानातलं एक नळकांडं, तुम्ही ते रोज दगडानं वाजवायचात. आमच्या घरात टाचणीएवढा तुकडा नव्हता. मला वाटायचं, आजी मानी आहे. नवऱ्याच्या जिवावर पत्रा नको म्हणत असेल. मी त्या आज्याच्या गोष्टीवर मोठा झालो. सातवीनंतर शाळा सोडून कोल्हापुरात आलो, उद्यमनगरात हातगाडी घेऊन दारोदार भंगार गोळा करायला लागलो, लोकांनी "ए भंगार" म्हणून हाका मारल्या, तेव्हा मी मनात म्हणायचो, बोला, बोला, माझा आजा आगीत शिरला होता.

आणि तुम्ही. तुम्हाला आठवतं का? रेल्वे पुलाजवळच्या चढावर माझी गाडी अडकली होती. वर तुटक्या सायकली, डबे, कसल्याशा सळया. मागून कुणीतरी जोर लावला. वळून बघितलं तर पांढरं धोतर, काळी टोपी. बदली होऊन शहरात आलेले तुम्ही. मला वाटलं, आता शाळा सोडल्याबद्दल अर्धा तास ऐकावं लागणार. तुम्ही काही बोलला नाहीत. गाडी चढावर पोचवलीत, धोतराला लागलेला गंज झटकलात आणि एवढंच विचारलंत, "दत्तू, वजन करताना काटा शून्यावर आहे का ते आधी बघतोस ना?" मी म्हटलं, "बघतो." तुम्ही म्हणालात, "मग काळजी नाही." माझ्या सगळ्या धंद्याचं शिक्षण तेवढंच. भर रस्त्यात, लोकांदेखत, माझ्या भंगाराला हात लावणारा तुमच्याइतका शिकलेला माणूस मला दुसरा भेटला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढं याचाच हिशोब मागायचा आहे.

चार वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या फौंड्रीत आलात ते एक पत्र घेऊन. परदेशातल्या एका बाईचं. तिचा मामा त्या विमानात बंदुकीवर होता. तिनं सगळ्यांची नावं पाठवली होती. सात. तुम्ही चष्मा पुसून पुसून ती नावं मला वाचून दाखवलीत. सगळ्यांत लहान एकोणीस वर्षांचा. "दत्तू," तुम्ही म्हणालात, "इतकी वर्षं आपण यांना नुसतं साहेब म्हणत आलो. यांना नावं आहेत." त्याच दिवशी ठरलं. दगड आहे तसाच ठेवायचा आणि त्याला एक नावांची पाटी बसवायची. पाटी त्याच विमानाच्या धातूची. घरोघरचे पत्रे मी गोळा करायचे, वितळवायचे, ओतायचे. अक्षरं तुम्ही लिहून द्यायची.

त्या वर्षीच्या अमावास्येला तुम्ही पठारावर उभं राहून सात नावं वाचलीत. मग पानांकडं बघितलंत आणि हळूच म्हणालात, "आक्का, आता एक पान कमी करायला हवं. सातच होते."

पारूआक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की मास्तर. आठच मांडत आलोय."

मला तुमचा अभिमान चढला होता. इंग्रजीतलं पत्र, सात नावं, माझ्या गुरुजींनी शोधलेली. मी ओरडलो, "आक्के, कागदावर सात हायती. मोजता येत न्हाय तर गप बस की!" आणि पुढं होऊन शेवटचं पान मी उचललं. पाव कुत्र्याला टाकला. चहा गवतात ओतला. पारूआक्कानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, म्हातारी चिडली. तुम्ही मान हलवलीत, बरोबर म्हणून. त्या वर्षापासून पानं सात.

मग पत्रे गोळा करायची ती दोन वर्षं. अण्णा, माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं कोणती असं विचारलं तर मी ती सांगेन, आणि त्याच वेळी कपाळावर हात मारून घेईन. कारण तुमच्याइतका वाईट सौदा करणारा माणूस जगात नसेल. वाडीतल्या बंडूच्या खुराड्यावर विमानाच्या पंखाचा मोठा पत्रा होता. मी बंडूला आधी अर्धा तास म्हशीबद्दल विचारलं, मग पावसाबद्दल, मग उठता उठता म्हटलं, "ह्यो गळका पत्रा कशाला ठेवलाईस? नवा देतो, बसवून देतो, ह्यो मी न्हेऊन टाकतो." बंडू डोकं खाजवत होता. झालंच होतं काम. तेवढ्यात तुम्ही आत वाकून पत्र्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "अहो, हा फार मोलाचा आहे बरं का."

बंडू ताठ झाला. "आसं व्हय? आमच्या आज्याची इस्टेट हाय ती, पावणं."

"आज्याची इस्टेट? तुझ्या आज्यानं इमान घेतलतं व्हय?" मी म्हटलं.

शेवटी एका पत्र्याला चार नवे पत्रे आणि कोंबड्यांना जाळी द्यावी लागली. परतताना जीपमध्ये मी तुमच्यावर तोंड टाकलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "त्यानं विचारलं असतं तर सांगावंच लागलं असतं. मग आधीच सांगितलं." मी म्हटलं, "त्यानं विचारलं नव्हतं!" तुम्ही म्हणालात, "विचारणार होता."

आता कळतंय ना, मला कशाचा राग आलाय? कोंबड्यांच्या खुराड्यावरच्या पत्र्याबद्दलसुद्धा ज्याला गप्प राहता येत नव्हतं, तो माणूस दोन वर्षं माझ्या तोंडाकडं बघत गप्प राहिला.

पाटीवर आज्याचं नाव घालायचं हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. साहेबाला वाचवताना मेलेला वाडीचा माणूस. सातांच्या खाली आठवा. तुम्ही तेव्हा आनंदानं हो म्हणालात. कच्च्या मसुद्यात तुम्ही स्वतःच्या अक्षरात ते लिहिलंही होतं, तो कागद माझ्याकडं आहे. आणि मग, दोन वर्षांपूर्वीच्या अमावास्येनंतर, तुम्ही फिरलात. म्हणालात, "दत्तू, मी विचार केला. विमानात होते त्यांचीच नावं असावीत. तसा नियम असतो."

"कुणाचा नियम?"

"असतो."

"मला दाखवा."

तुम्ही दाखवला नाहीत. कुठून दाखवणार? मी फौंड्रीत सगळ्या कामगारांसमोर ओरडलो. त्यांचा देश त्यांच्या नावाला दगड उभे करतो, माझ्या आज्याला दोन इंच पत्रा मिळत नाही. त्यांच्या माणसाला ओढताना मेलेला माणूस तुम्हाला परका झाला. पत्रे मी गोळा केले, मूस माझी, कोळसा माझा, आणि नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवणार? तुम्ही ऐकून घेतलंत. नेहमी तेवढं एकच वाक्य म्हणायचात, "धातूत ओतलेलं खोडता येत नाही, दत्तू." मला वाटायचं, मास्तरी सुविचार आहे. फळ्यावर लिहितात तसला.

दोन वर्षं हे चाललं. तुम्ही यायचात, पाटीवरच्या इंग्रजी अक्षरांचे आकार नमुना कोरणाऱ्या सुतारमामांना समजावून सांगायचात, मी भांडायचो, आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून तुम्ही घाईनं निघायचात. तुम्ही निघालात की माझं भांडण अर्धंच राहायचं. आपली शेवटची भेटही अशीच. तुम्ही दारापर्यंत गेलात आणि वळून म्हणालात, "दत्तू, एक गोष्ट सांगायची आहे. पण तू आधी शांत हो."

मी म्हटलं, "नाव घाला, शांत होतो."

तुम्ही दाराबाहेर बघितलंत. सूर्य कलला होता. मी म्हटलं, "जावा, जावा. तुमची जेवायची वेळ झाली. सातांचं स्मारक सातांनाच लखलाभ होऊ दे." तुम्ही हसलात. थकलेलं हसू होतं. मग रिक्षात बसलात. सहा दिवसांनी तुमच्या मुलीचा फोन आला.

ते सहा दिवस मी तुम्हाला फोन केला नाही. भाव पडू द्यायचा नाही, समोरच्यानं आधी बोलायचं, ही माझी सवय. आयुष्यभर या सवयीनं मला मिळवून दिलं. या एका वेळी मी त्यात सगळं घालवलं.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी वाडीवर गेलो, पारूआक्काला सांगायला. ती अंगणात उन्हाला बसली होती. ऐकून तिनं पठाराकडं हात जोडले. मग म्हणाली, "लई चांगला मास्तर. बसून ऐकायचा. तू कवा आयुष्यात कुणाचं बसून ऐकलाईस का रं?"

"ऐकतो की. बोल."

"मग आवंदा तरी आठवं पान मांडू देशील का न्हाय?"

"आक्के, पुन्हा तेच? साहेब सात होते."

"सातच हुते," ती म्हणाली. "मला मोजता येत न्हाय व्हय? सात मडी म्या ह्या डोळ्यांनी बगितली. माझ्या बानं त्येंला वाकळंत गुंडाळलं."

"मग आठवं कुणाचं?"

"तुझ्या आज्याचं की रं, येड्या."

मी तिच्यासमोर खाली बसलो. मला अजून वाटत होतं की ती माझ्याच बाजूचं बोलतेय. म्हटलं, "तेच तर मी अण्णांना सांगत होतो. साहेबाला काढायला गेला म्हणून..."

"साहेब कवाच मेलते," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी पुरलं. तुझा आजा गेला तिसऱ्या दिशी. कुराड घिऊन. पत्रा काढाया. टाकीत तेल शिल्लक हुतं. कुराडीची ठिणगी पडली."

कोंबड्या अंगणात चरत होत्या. मी बसून ऐकत राहिलो. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

"सगळ्यांनीच न्हेला पत्रा," ती म्हणाली. "मागनं. त्यो पयला गेला, एवढंच. तुझ्या आजीच्या पदरात चार लेकरं. लोकांनी तिला चोराची बायकू म्हनावं व्हय? म्हातारी माणसं बसली, ठरलं. ज्ञानू साहेबाला काढाया गेलता, आसं म्हनायचं. आन त्येचं पान साहेबांच्या वळीत मांडायचं. नाव घ्याचं न्हाय."

"आजीला ठाऊक होतं?"

"कुराड तिनंच दिलती हातात."

मग तिनं मला सांगितलं की हे सगळं तिनं तुम्हाला सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी. मी पान उचललं ते तिनं मनात ठेवलं होतं. दोन वर्षं तिनं कळ काढली आणि मग तुम्हाला बाजूला घेऊन बोलली. तुम्ही दगडाला टेकून खाली बसलात म्हणे. म्हणालात, "आक्का, मी त्याला कसं सांगू?" ती म्हणाली, "म्या तुमास्नी सांगितलं तसंच सांगा." तुम्ही मान हलवलीत. आणि खाली आलात, आणि मला नियम सांगितलात.

अण्णा, आता मी तुमची बाजू मांडतो. सौद्यात दुसऱ्याची बाजू आधी मोजावी लागते. तुम्हाला खोटं धातूत ओतायचं नव्हतं. बरोबर. ज्या आगीच्या गोष्टीवर मी मोठा झालो ती तुम्हाला माझ्यापासून काढून घ्यायची नव्हती. तेही समजलं. ते आठवं पान तुमच्या शब्दावरून उठलं होतं, त्याची लाज तुम्हाला झोपू देत नसणार. तेही मी मान्य करतो. एवढं सगळं पारड्यात टाकलं तरी काटा माझ्याच बाजूला झुकतो. कारण तुम्ही मला ओळखलंच नाहीत.

माझा आजा भंगार आणायला गेला आणि मेला. मी भंगार आणून जगलो. यात लाज कसली? चार लेकरांचा बाप, घरात धड भांडं नाही, आणि वर पठारावर कुणाचाही नसलेला धातू पडलाय. मी असतो तर पहिल्या दिवशीच गेलो असतो! मी गोळा केलेल्या प्रत्येक पत्र्याला त्याचाच हात लागला असता, तो जगला असता तर. कुणीतरी मला सांगितलं असतं, तर "ए भंगार" म्हणून हाक मारणाऱ्याला मी म्हटलं असतं, व्हय, पिढीजात धंदा हाय आमचा. मला ज्या आज्याचा आधार होता तो खोटा होता आणि जो खरा होता तो माझ्या कितीतरी जवळचा होता. तुम्ही दोन वर्षं त्याला माझ्यापासून लपवून ठेवलंत. भर रस्त्यात माझ्या गाडीला हात लावलेल्या माणसानं असं समजावं की दत्तूला भंगाराची लाज वाटेल? गंज झटकलेलं ते धोतर मी विसरलो नाही. तुम्ही कसे विसरलात?

वाडीवरून मी सरळ फौंड्रीत आलो. पाटीचा लाकडी नमुना, ज्यावरून वाळूत साचा घेतात तो, तयार आहे. सात नावं, उलटसुलट तपासलेली, एकाही अक्षराची चूक नाही. आणि सातव्या नावाखाली एका ओळीएवढी कोरी जागा. ती याआधी मी बघितलीच नव्हती. सुतारमामांना विचारलं, ही कशाला सोडली?

म्हणाले, "अण्णांनी सोडाया सांगितली. मागल्या महिन्यात आलते, तुम्ही भायेर गेलता. म्या इचारलं, ह्यात काय लिवायचं? तर म्हटले, दत्तूला इचारून सांगतो."

दत्तूला विचारून सांगतो. अण्णा, मी दारात उभा होतो, तुम्ही दारात उभे होता, सूर्य अजून बुडायचा होता. विचारायचं होतंत. मी ओरडलो असतो, कप फोडला असता, आणि मग विचारलं असतं, आज्याची कुऱ्हाड कुठं पडली होती? तुम्ही एवढं सांगितलं असतंत तर आपण दोघांनी मिळून ती ओळ लिहिली असती.

अमावास्या नऊ दिवसांवर आली आहे. ती परदेशातली बाई येणार आहे, तिकीट काढलंय तिनं. पान मी मांडणार आहे, आठवं, माझ्या हातानं, पाव, अंडं आणि चहा. चार वर्षांपूर्वी जे हात पुढं झाले त्यांचा जबाब त्यांनीच द्यायचा. पारूआक्काच्या पाया पडून आलोय, ती म्हणाली, "पाया पडू नगंस, पावाचं बघ, मागल्या वर्साचा शिळा हुता." तुमचं पान मांडणार नाही. तुमच्यात चालत नाही, आणि एवढ्यात माझा राग जायचा नाही.

पण ती ओळ कोरी ठेवून मी धातू ओतणार नाही. काल बसून लिहिली. बारा वेळा खोडली. शेवटी एवढीच राहिली:

"आणि या वाडीचा ज्ञानू, जो तिसऱ्या दिवशी पत्रा काढायला आला आणि इथंच भाजून गेला."

तपासा. खोटं आहे का त्यात काही? अपमान आहे का कुणाचा? त्या सातांच्या खाली ती ओळ बसते की नाही? सातवी शिकलेल्या माणसाला एका संध्याकाळी जमलं. तुम्हाला दोन वर्षं का जमलं नाही, अण्णा? मला भांडणात जिंकायचं नाही आता. मला उत्तर पाहिजे. बोला.